होम: देणे आणि खाणे यांमधला एक शब्द

वास्तुशांतीच्या किंवा नवचंडीच्या निमंत्रणपत्रिकेत ‘होमहवन’, ‘यज्ञ’ आणि ‘याग’ हे शब्द आज एकमेकांच्या जागी सर्रास छापले जातात आणि वाचणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही. विधीच्या जुन्या परिभाषेत मात्र हे शब्द एकाच अर्थाचे नव्हते. त्यांतला ‘होम’ हा शब्द आपल्या बोलण्यात सर्वांत मुरलेला आहे, आणि तो नीट समजून घ्यायचा तर त्याच्या धातूपासूनच सुरुवात करावी लागते.

‘होम’ हा शब्द ‘हु’ या धातूपासून झाला आहे. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, या धातूचा अर्थ ‘दानादनयोः’, म्हणजे देणे आणि खाणे, असा सांगितला असून, त्याच्या ‘जुहोति’ या रूपावरूनच धातूंच्या तिसऱ्या गणाला जुहोत्यादिगण हे नाव पडले. भाषेच्या इतिहासात आणखी मागे गेले तर ‘ओतणे’ हा मूळ अर्थ हाती लागतो. ग्रीक भाषेतले ओतण्याचे क्रियापद याच कुळातले आहे. हवन, हवी, हव्य, आहुती, अग्निहोत्र, ज्यात आहुती पडते तो आहवनीय अग्नी आणि तूप सोडण्याची ‘जुहू’ नावाची लाकडी पळी ही सगळी एकाच धातूची लेकरे आहेत. म्हणजे अग्नी पेटवणे हा होमाचा मूळ अर्थ नव्हे, पेटलेल्या अग्नीत द्रव्य सोडणे हा आहे. ‘होम पेटवला’, ‘होमाभोवती फेरे घेतले’ असे आपण म्हणतो, तेव्हा क्रियेचे नाव तिच्या जागेला मिळालेले असते.

या धातूशेजारीच ‘ह्वे’, म्हणजे हाक मारणे, हा दुसरा धातू उभा आहे आणि दोघांची सरमिसळ फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत अग्नीला ‘होता’ (मूळ शब्द ‘होतृ’, यज्ञातला एक ऋत्विज) म्हटले आहे. निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथात त्याचा कर्ता यास्क या शब्दाचा अर्थ ‘बोलावणारा’ असा लावतो आणि लगेच और्णवाभ नावाच्या आचार्याचे मतही नोंदवतो, की हा शब्द ‘जुहोति’वरून आला. ऐतरेय ब्राह्मण हा ऋग्वेदाचा विधिग्रंथ तर आहुतींचे खरे नाव ‘आहूती’, म्हणजे देवांना घातलेली हाक, असे सांगते. व्युत्पत्ती म्हणून हे मान्य होण्याजोगे नाही. पण श्रौतयज्ञात, म्हणजे वेदांतल्या मोठ्या यज्ञात, होता ऋचा म्हणतो आणि प्रत्यक्ष आहुती बहुतेक वेळा अध्वर्यू हा दुसरा ऋत्विज देतो, हे ध्यानात घेतले की हाकेचा अर्थ इतका मनावर का ठसला हे कळते. आणखी एक गैरसमज येथेच दूर करणे बरे. पारशी धर्मविधीतला ‘हओम’ म्हणजे आपला होम नव्हे. संस्कृत ‘स’च्या जागी अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत ‘ह’ येतो, त्यामुळे हओम हा सोमाचा भाऊ ठरतो. आपल्या ‘होतृ’चा अवेस्तातला जोडीदार ‘झओतर’ आहे.

यज्ञ आणि होम यांतला फरक कात्यायनाच्या श्रौतसूत्रात फार नेमका सांगितला आहे. जेथे उभे राहून, याज्या (आहुती देतानाची) आणि पुरोनुवाक्या (तिच्या आधी देवतेला बोलावणारी) या ऋचा म्हणून, ‘वषट्’ या उच्चारासह आहुती दिली जाते ती ‘यजति’, म्हणजे यज्ञाची, कर्मे. जेथे बसून, ‘स्वाहा’ म्हणत आहुती दिली जाते ती ‘जुहोति’, म्हणजे होमाची, कर्मे. वैदिक विधींच्या अर्थाचा विचार करणाऱ्या मीमांसकांनी हाच विचार पुढे नेला. देवतेला उद्देशून द्रव्यावरचा आपला हक्क सोडणे हा याग, आणि सोडलेले ते द्रव्य अग्नीत टाकणेही त्यात आले की होम. आजही गुरुजी प्रत्येक आहुतीनंतर यजमानाकडून ‘अग्नये इदं न मम’ असे म्हणवून घेतात. ‘हे अग्नीचे, माझे नव्हे’ या चार शब्दांत सारा त्याग आहे, आणि नेमके तेच घाईघाईने उरकले जातात याचे मला फार वाईट वाटते.

श्रौतयज्ञ हळूहळू विरळ झाले, तरी गृह्यसूत्रांतले, म्हणजे घरगुती संस्कारांच्या ग्रंथांतले, बसून करायचे होम घरोघरी टिकले. मराठी लग्नातला लाजाहोम त्यांतलाच. वधूच्या ओंजळीला तूप लावून तिचा भाऊ तीत लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीत सोडते. आश्वलायन गृह्यसूत्रात भावाने लाह्या दोनदा घालाव्यात, जामदग्न्य गोत्राच्या लोकांकडे तीनदा, इतका बारकावा दिला आहे. बौद्ध तंत्रमार्गाबरोबर हाच विधी जपानपर्यंत गेला, आणि तेथील शिंगोन या बौद्ध पंथात तो आजही ‘गोमा’ या नावाने केला जातो.

हिंदीत या विधीला ‘हवन’ म्हणण्याचा प्रघात अधिक आहे. 1875 साली मुंबईत स्थापन झालेल्या आर्य समाजाने रोजच्या हवनावर भर दिला आणि उत्तरेत हा शब्द आणखी रुजला. मराठीत एकटे ‘हवन’ कमी ऐकू येते, बहुधा ते होमाचे बोट धरूनच येते. मात्र या शब्दकुळाने मराठीत जे लाक्षणिक संसार थाटले, ते पाहण्यासारखे आहेत. ‘देशासाठी प्राणांची आहुती दिली’, ‘संस्थेसाठी आयुष्याचा होम केला’ यांत देण्याचा अर्थ आहे; आणि ‘बापाची सगळी जमीन स्वाहा केली’ म्हणतो तेव्हा खाण्याचा. धातुपाठातले दान आणि अदन असे दोन्ही अर्थ, व्याकरणाचा गंधही नसलेल्या माणसाच्या तोंडी जिवंत आहेत.

हे दोन्ही अर्थ एकाच जागी भेटलेले मी आजोबांच्या पानाशी पाहिले आहेत. पानाभोवती पाणी फिरवून ते उजव्या हाताला भाताच्या चार शितांच्या चित्राहुती, म्हणजे जेवणाआधी पानाबाहेर ठेवायचे छोटे घास, घालत. मग ‘प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा’ असे म्हणत पाच इवलेसे घास तोंडात टाकत. पोटातल्या अग्नीला दिलेल्या या आहुतींचे मूळ छांदोग्य उपनिषदात आहे. ते पाच घास चावायचे नसत. दात न लावता गिळायचे असत, आणि तोवर आम्ही मुले वरणभातावर हात ठेवून गप्प बसलेली असू.