वय आणि काठिण्यपातळी : ऑनलाइन खेळांतल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

१९९२ साली आलेल्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ या नेमबाजीच्या खेळात खेळायला बसण्याआधी चारपैकी एक काठिण्यपातळी निवडावी लागे. सगळ्यांत सोप्या पातळीशी गेलं की नायकाच्या डोक्यावर बाळाचं टोपडं आणि तोंडात चोखणी दिसायची. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या ‘डूम’मध्ये सोप्या पातळीचं नाव होतं ‘मरायला मी अजून फार लहान आहे’ अशा अर्थाचं. सोपं ते पोरासोरांचं आणि अवघड ते मोठ्या माणसांचं, असा तेव्हाचा सरळ हिशोब होता.

खेळ ऑनलाइन झाले, समोर संगणकाऐवजी माणसं आली आणि हा हिशोब उलटा फिरला. आज कुठल्याही नेमबाजीच्या खेळात धडकी भरवतो तो पंधरा वर्षांचा मुलगा, आणि ‘जरा सोपं ठेवा’ म्हणण्याचा ठपका येतो चाळिशीतल्या खेळाडूवर. या दोन्ही समजुती अर्धवट आहेत असं मला वाटतं. ‘अवघड’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी आपण कोंबतो: हाताचा वेग, द्यावा लागणारा वेळ आणि हरल्यावर होणारं नुकसान. वयाबरोबर या तिन्हींशी असलेलं आपलं नातं वेगवेगळ्या दिशांनी बदलतं. गेल्या चाळीसेक वर्षांत खेळ बनवणाऱ्यांनी यातली कधी एक कळ दाबली, कधी दुसरी, आणि दर वेळी वेगळ्या वयाचा खेळाडू आत आला किंवा बाहेर पडला.

नाण्यावर चालणाऱ्या आर्केड यंत्रांच्या काळात काठिण्य हा थेट धंद्याचा भाग होता. खेळाडू लवकर हरला तरच पुढचं नाणं पडणार. अनेक यंत्रांच्या आतल्या सर्किटवर बारीक स्विच असत, आणि खेळ किती अवघड ठेवायचा हे यंत्राचा मालक त्यावरून ठरवी. खेळाडूला विचारायचा प्रश्नच नव्हता.

ऑनलाइन खेळांचा उगम मात्र वेगळ्या जागी आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ हा निव्वळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. बाहेरच्या लोकांना त्यात शिरता यायचं ते विद्यापीठाचा संगणक मोकळा असे तेव्हा, म्हणजे रात्री उशिरा. लढाईत मेलात तर महिनोन्महिने जोपासलेलं पात्र कायमचं पुसलं जाऊ शके. असा खेळ कोणाला परवडणार? ज्याच्याकडे मोकळ्या रात्री आहेत त्याला. म्हणजे ऑनलाइन काठिण्याचं पहिलं चलन वेळ हे होतं, आणि ते चलन विद्यार्थ्यांच्या खिशात सर्वाधिक होतं.

बार्टल यांनी १९९६ मध्ये लिहिलेला निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार मांडले: काहीतरी मिळवायला येणारे, जग धुंडाळायला येणारे, गप्पांसाठी येणारे आणि दुसऱ्याला छळण्यात रमणारे. या मांडणीत वयाला जागा नाही. तेव्हाच्या खेळाडूंचं वय इतकं सारखं होतं की तो प्रश्न फारसा पडलाच नसावा.

पहिली मोठी फाटाफूट झाली ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये. १९९७ साली हे जग खुलं झालं तेव्हा गावाबाहेर पाऊल टाकलं की कोणीही कोणालाही मारून लुटू शकत होतं. काहींसाठी तो थरार हाच खेळ होता. पण दिवसभराचं काम आटोपून तासभर खाणीत खोदकाम करायला आलेल्याची सगळी कमाई एका फटक्यात जाई. २००० साली निर्मात्यांनी जगाच्या दोन प्रती केल्या. ‘फेलुका’मध्ये जुनेच नियम राहिले, तर ‘ट्रॅमल’मध्ये संमतीशिवाय दुसऱ्या खेळाडूवर हल्ला करता येईना. बहुसंख्य लोक ट्रॅमलमध्ये राहायला गेले. खेळाचा आत्मा हरवला, अशी हळहळ जुने खेळाडू अजून करतात. मला मात्र त्यात एका मोठ्या वर्गाने पहिल्यांदा दिलेलं स्पष्ट उत्तर दिसतं. त्यांना राक्षसाशी झुंजायला हरकत नव्हती. आपला वेळ कोणा अनोळखी माणसाच्या मर्जीवर सोडायला हरकत होती.

१९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’ने राक्षस राखले आणि नुकसानही राखलं. मेल्यावर कमावलेला ‘अनुभव’, म्हणजे पात्राची पातळी वाढवणारे गुण, घटायचे, सगळं सामान मेल्या जागी प्रेताजवळ पडायचं आणि ते परत आणायला त्याच धोक्यातून जावं लागायचं. दुर्मीळ वस्तूसाठी एकाच ठिकाणी तासन्‌तास ठाण मांडून बसणं नेहमीचं होतं. याच खेळापासून निक यी या संशोधकाने खेळाडूंना प्रश्नावल्या पाठवायला सुरुवात केली. काही वर्षांत अशा निरनिराळ्या जगांतल्या सुमारे ३०,००० जणांनी उत्तरं दिली, आणि चित्र अपेक्षेपेक्षा फार वेगळं निघालं. सरासरी वय होतं २६ च्या आसपास. किशोरवयीन जेमतेम एक चतुर्थांश. निम्मे लोक पूर्णवेळ नोकरी करणारे, ३६ टक्के विवाहित, २२ टक्क्यांना मुलं. आठवड्याला सरासरी २२ तास ते खेळत, आणि वय वाढलं म्हणून तास घटत होते असंही नव्हतं.

या आकड्यांकडे मी नेहमी थोडं थबकून बघतो. नोकरी आणि मुलं सांभाळून आठवड्याला २२ तास देणारा माणूस ‘सोपं’ शोधत आलेला नाही. अर्थात प्रश्नावलीला उत्तर देतो तो मुळातच खेळात बुडालेला असतो, आणि ज्यांनी कंटाळून पहिल्याच महिन्यात खेळ सोडला त्यांचं वय कोणी विचारलं नाही. वय आणि काठिण्य यांच्याविषयी झालेल्या बहुतेक पाहण्यांमध्ये हीच फट आहे, आणि निष्कर्ष वाचताना ती डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

सोडून गेलेल्या त्याच माणसांना परत आणलं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने. नोव्हेंबर २००४ मध्ये तो आला तेव्हा मरणं फारच स्वस्त झालं होतं: भूत होऊन आपल्या प्रेतापर्यंत चालत जा, चिलखताची थोडी दुरुस्ती करून घ्या, संपलं. दुसरा बदल अधिक हुशारीचा होता. चाचणीच्या काळात निर्मात्यांनी फार वेळ खेळणाऱ्याला मिळणारा अनुभव कमी करून पाहिला, लोक चिडले. मग आकडे तेच ठेवून मांडणी उलटी केली. कमी झालेला अनुभव ‘नेहमीचा’ ठरला आणि विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट बक्षीस मिळू लागलं. तक्रारी थांबल्या. दोन दिवसांनी तासभर येणाऱ्याला पहिल्यांदाच वाटलं की हा खेळ आपली वाट बघत होता. २०१० पर्यंत वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर गेले.

शिखरावर मात्र जुनाच कायदा होता. २००६ मध्ये आलेली ‘नॅक्सरामस’ ही चाळीस जणांनी मिळून करायची मोहीम इतक्या थोड्या लोकांनी पूर्ण केली, की २००८ मध्ये निर्मात्यांनी तीच मोहीम सौम्य करून दहा किंवा पंचवीस जणांसाठी पुन्हा आणली. २०११ च्या अखेरीस त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: बटण दाबा, अनोळखी पंचवीस जणांचा गट आपोआप बनेल आणि मोहिमेची सर्वांत सोपी आवृत्ती खेळता येईल. यावरचा कडवटपणा आजही संपलेला नाही. ‘आम्ही सहा महिने घाम गाळला आणि यांना शनिवारी दुपारी सगळं फुकट’ ही तक्रार मी समजू शकतो, पण मला ती मान्य नाही. मूळ नॅक्सरामसमध्ये खरा अडसर राक्षसाचा नव्हता. चाळीस माणसं आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री, ठरलेल्या वेळी, चार-चार तास एकत्र बसवणं हा होता. तो अडसर अठरा वर्षांच्या मुलाला जाणवतसुद्धा नाही. घरात तान्हं मूल असलेल्या, खेळात त्याच्याहून सरस असलेल्या बाईला तो दारातूनच परत पाठवतो. कौशल्याची परीक्षा म्हणून मिरवलेल्या कितीतरी गोष्टी प्रत्यक्षात वेळापत्रकाची परीक्षा होत्या.

समोरासमोरच्या स्पर्धात्मक खेळांत गोष्ट वेगळी आहे. तिथे काठिण्यपातळी म्हणजे समोरचा माणूस. त्याला मोजायची रीत बुद्धिबळातून आली. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्याच विचारावर ‘ट्रूस्किल’ बांधलं. खेळाडूचं कौशल्य किती आणि त्या अंदाजाची खात्री किती, हे दोन्ही ते मोजतं. २००७ च्या ‘हेलो ३’मध्ये ते वापरलं गेलं. तेव्हापासून मॅचमेकिंग, म्हणजे कोणाला कोणासमोर खेळवायचं हे ठरवणं, हीच अदृश्य काठिण्यपातळी झाली. तुम्ही जिंकलात की ती चढते, हरलात की उतरते, आणि हिशोब जमला तर प्रत्येक जण निम्मे सामने हरतो. याला कंटाळलेले मुरलेले खेळाडू नवं खातं काढून नवशिक्यांत घुसतात. त्यांना ‘स्मर्फ’ म्हणतात.

कौशल्य बघून जोड्या लावणं बंद करा, अशी मागणी जोरात होते ती प्रामुख्याने चांगल्या खेळाडूंकडून. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या निर्मात्यांनी २०२४ मध्ये एक चाचणी जाहीर केली. तीत कौशल्याला कमी महत्त्व देऊन सामने लावले, तेव्हा अगदी वरच्या थरातले खेळाडू सोडले तर बाकी बहुतेकांचं खेळाकडे परतणं घटलं. मोठा आवाज कोणाचा आणि गुपचूप निघून जाणारे कोण, हे त्यातून दिसतं.

आता वयाकडे. २०१४ साली ‘प्लॉस वन’ या शास्त्रीय नियतकालिकात कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘स्टारक्राफ्ट २’ या वेगवान डावपेचांच्या खेळाच्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. नवं काही दिसल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा वेळ २४ व्या वर्षापासूनच वाढू लागतो, असं त्यांना आढळलं. मथळे याच वाक्याचे झाले. त्याच लेखातली दुसरी गोष्ट मागे राहिली: मोठे खेळाडू ही उणीव कळांच्या सोयीस्कर मांडणीने आणि सुटसुटीत चालींनी भरून काढत असल्याच्या खुणा दिसत होत्या. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासाने खेळांच्या प्रकारांतला फरक दाखवला. नेमबाजीच्या खेळांत कामगिरी किशोरवयानंतर उतरणीला लागते, पण ‘लीग ऑफ लेजेंड्स’सारख्या डावपेचांच्या खेळांत ती विशीच्या पूर्वार्धापर्यंत चढत जाते.

जमतं काय आणि आवडतं काय, हे पुन्हा वेगळे प्रश्न. निक यी यांनी पुढे सहकाऱ्यासह ‘क्वांटिक फाउंड्री’ ही खेळाडूंचा अभ्यास करणारी कंपनी काढली. तिथे लाखो खेळाडूंनी भरलेल्या माहितीवरून एक कल ठळक दिसला. वयाबरोबर सर्वांत वेगाने ओसरते ती स्पर्धेची ओढ, म्हणजे दुसऱ्याला हरवण्याची. सर्वांत कमी बदलते ती डावपेच आखण्याची ओढ. थोडक्यात, पन्नाशीतल्या माणसाला डोकं खाजवायचं असतं, फक्त कोणाच्या उरावर बसायचं नसतं.

‘फोर्टनाइट’च्या इतिहासात हे सगळं एकाच खेळात घडलं. २०१७ मध्ये तो आला तेव्हा लढता लढता भिंती आणि जिने उभारायचं बांधकाम ही गंमत होती. दोन वर्षांत पोरांनी ती कला एवढी चढवली की गोळी झाडेपर्यंत समोर चार मजली मनोरा उभा राही. २०१९ मध्ये कौशल्यानुसार जोड्या आणि सोबत बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू आले, नवखे थोडे सावरले. खरा बदल मार्च २०२२ मध्ये झाला: बांधकामच काढून टाकलेला ‘झिरो बिल्ड’ प्रकार. नेम, आडोसा आणि जागेची निवड यांतलं काठिण्य तसंच राहिलं. फक्त बोटांच्या वेगाचा एक थर उतरवला. माझ्या मते या क्षेत्रातला हा अलीकडचा सर्वांत विचारी निर्णय आहे, कारण खेळ सोपा न करता त्यांनी तो अधिक वयांसाठी उघडला.

उलटा प्रवासही चालू आहे. २०१३ मध्ये ‘रूनस्केप’ या ऑनलाइन खेळाच्या खेळाडूंनी मतदान करून २००७ सालची जुनी, कष्टाची आवृत्ती परत आणवली. पुढच्याच वर्षी तिथे ‘आयर्नमॅन’ आलं. यात इतरांशी देवघेव बंद, सगळं स्वतःच मिळवायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या क्लासिक आवृत्तीत अधिकृत हार्डकोर सर्व्हर उघडले: एकदा मेलात की ते पात्र तिथल्या खेळातून बाद. इथे हात फार चपळ लागत नाहीत. लागते ती सावधगिरी, धीर आणि कधी पळ काढायचा याची समज. वाढत्या वयाला झेपणारं काठिण्य असं असू शकतं.

राहिली लहान मुलं, आणि त्यांच्याविषयी आपल्याला सर्वांत कमी कळतं. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही. कायदा योग्यच आहे, पण परिणाम असा की बहुतेक पाहण्या तेराव्या वर्षापासून सुरू होतात आणि त्याखालची मुलं जन्मसाल खोटं टाकून मोठ्यांच्या आकड्यांत मिसळतात. खेळाच्या वेष्टनावरचं वय इथे कामाचं नाही. अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून दिली जाणारी वयश्रेणी हिंसा, भाषा, जुगार असा आशय बघते, काठिण्य नाही. म्हणून बुद्धिबळाला सर्वांत लहान वयाचा शिक्का मिळतो. ‘माइनक्राफ्ट’मध्ये शांत ते कठीण अशा पातळ्या आहेत, पण एका जगाला एकच पातळी, आठ वर्षांची बहीण आणि पंधरा वर्षांचा भाऊ एकत्र खेळायला बसले की वाद ठरलेला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘रोब्लॉक्स’ या मुलांमध्ये लोकप्रिय खेळमंचाने चॅट वापरण्यासाठी चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेण्याची पद्धत जाहीर केली. त्यात ९ वर्षांखालील, ९ ते १२, १३ ते १५, १६-१७, १८ ते २० आणि २१ च्या पुढचे असे सहा गट आहेत. कोणी कोणाशी बोलायचं ते या गटांवरून ठरतं. सामन्यांत कोण कोणासमोर येणार, याच्याशी या वर्गवारीचा संबंध नाही.