सुट्टीत ‘एम-वन’ उरकायचं? आधी अपूर्णांक बघा
बारावीनंतर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ‘एम-वन’ची (म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणिताची) जुनी पुस्तकं शोधायची, कारण समज असा की इंजिनिअरिंगचं गणित सुट्टीतच उरकलं की पहिलं वर्ष सोपं. तसं नसतं. माझ्या पाहण्यातली मुलं अडतात ती साध्या बीजगणितात. क वर्ग अधिक ख वर्ग, याचं वर्गमूळ ‘क अधिक ख’ लिहून मोकळी होतात. ३ आणि ४ घालून बघा: ९ आणि १६ मिळून २५, वर्गमूळ ५. सात नव्हे!

तेव्हा आठवी ते दहावीची बालभारतीची पुस्तकं काढा (रद्दीत गेली नसतील तर). घातांक, अपूर्णांक, अवयव. मग अकरावीची त्रिकोणमिती. रोज पाऊण तास, वहीत, कॅल्क्युलेटर कपाटात ठेवून. इंटिग्रेशन कॉलेजात शिकवतातच.