आकारित हायड्रोजेल सूक्ष्मतंतू

पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचे, केसाइतके किंवा त्याहून बारीक तंतू. मायक्रोफ्लुइडिक्सच्या, म्हणजे अतिसूक्ष्म प्रवाह हाताळण्याच्या तंत्राच्या, बारीक वाहिन्यांतून द्रव सोडून तो वाहता वाहताच घट्ट करतात आणि तंतूला हवा तो छेद, म्हणजे आडवा कापल्यावर दिसणारा आकार, देतात.

कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीची तार पोलादी पट्टीच्या भोकातून ओढली जाते. भोक जसे, तशी तार. चकलीच्या सोऱ्याचेही तेच. पातळ द्रवाला मात्र हा न्याय लागू नाही. चांदणीच्या भोकातून हवेत सोडलेली धार पृष्ठताणामुळे लगेच गोल होऊ लागते, आणि भोकातच जेल झाले तर भोक बुजते. म्हणून इथे साचाही द्रवाचाच असतो: मध्ये जेल होणारा गाभा, भोवती त्याला भिंतीपासून दूर ठेवणारे आवरण.

दोन्ही द्रव एकमेकांत कालवले जात नाहीत, ही यातली खरी गंमत. २०० मायक्रोमीटर रुंद वाहिनीत पाणी सेकंदाला १ सेंटिमीटर वाहिले, तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह शांत राहील की खवळेल हे सांगणारा आकडा, २ च्या आसपास येतो. नळातला प्रवाह खवळायला तो २,००० च्या वर जावा लागतो. पावसाळी पंचगंगेतले भोवरे इथे उठूच शकत नाहीत. थर शेजारीशेजारी सरकतात, मिसळण फक्त विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरण्याने, आणि सावकाश होते. वाहिनीच्या तळाला व छताला तिरप्या किंवा बाणासारख्या खाचा कोरल्या, की आवरणद्रव वळवला जातो आणि गाभा दाबला जाऊन चपटा होतो. खाचांची संख्या व मांडणी बदलली की छेद बदलतो. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने या पद्धतीवर बरेच काम केले. दोन्ही द्रवांचा दाटपणा जुळवावा लागतो, नाहीतर ठरवलेला आकार हाती येत नाही.

घट्ट करण्याच्या वाटा मुख्यतः दोन. प्रकाशाने जुळणारे रेणू असतील तर अतिनील किरण. तपकिरी सागरी शेवाळातले सोडियम अल्जिनेट असेल तर कॅल्शियमचे आयन. दुसरी वाट कोल्हापुरातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाहता येईल: सिरिंजने अल्जिनेटची धार कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडायची, शेवईसारखा धागा तयार. अर्थात तो गोलच.

आकाराचा खटाटोप मुख्यतः पेशींसाठी. खाचा असलेल्या तंतूवर पेशी खाचेच्या दिशेने लांबट वाढतात; स्नायू आणि चेतापेशींना अशी दिशा लागते. फितीसारख्या तंतूचा पृष्ठभाग तेवढ्याच जेलच्या गोल तंतूपेक्षा जास्त भरतो. टोकियोतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये पेशी भरलेले मीटरभर लांबीचे तंतू काढून ते विणून दाखवले. ते मात्र साधे गोल होते.