लेकराच्या रक्तात गुठळी होत नाही म्हणे!

‘लेकराचं रक्त पातळ असतं, त्यात गुठळी होतच नाही,’ असं नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यांच्या बाकांवर अजूनही ऐकू येतं. पाय सुजला की ‘मुरगळला असेल, तेल लावून चोळून द्या’ हा सल्ला सोबत फुकट.

दोन्ही चूक. मोठ्यांपेक्षा मुलांत गुठळी पुष्कळ कमी होते, खरं तेवढंच. तान्ही बाळं आणि वयात येणारी मुलं यांच्यात ती जास्त दिसते. सर्वांत मोठं कारण म्हणजे औषधासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी, सेंट्रल लाइन. कॅन्सर, जंतुसंसर्ग आणि आपल्या विदर्भात बऱ्याच कुटुंबांत असलेला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार यांनीही धोका वाढतो.

रुग्ण थोडे, म्हणून एकट्या शहराला काय, एकट्या देशालाही उत्तर शोधणं जड जातं. आइन्स्टाइन-ज्युनिअर चाचणीत २८ देशांतल्या १०७ रुग्णालयांनी मिळून ५०० मुलं जमवली, तेव्हा कुठे रिव्हारोक्साबान हे गुठळीवरचं, तोंडावाटे घ्यायचं औषध मुलांत नीट तपासता आलं. किड्स-डॉट चाचणी २००८ मध्ये सुरू झाली, निकाल २०२२ मध्ये छापून आले. तात्पुरत्या कारणाने गुठळी झाली असेल आणि शीर पूर्ण बंद राहिली नसेल, तर तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांचं औषध पुरतं, असं त्यात दिसलं. अर्थात हे ठरवायचं डॉक्टरांनी. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

एकच हात किंवा पाय सुजला, दुखतोय, रंग बदललाय? चोळू नका, डॉप्लर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त नीट वाहतंय का हे दाखवणारी तपासणी) करून घ्या. सोबत धाप लागत असेल, तर थेट नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी गाठा.