फुप्फुसांशिवाय जगणारा सॅलॅमँडर

कॅनडाच्या आग्नेय भागापासून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनापर्यंतच्या पानझडी जंगलात कुजका ओंडका उलटला, की बऱ्याचदा खाली बोटभर लांबीचा, पाठीवर विटकरी पट्टा असलेला एक प्राणी दिसतो. हा लालपाठ्या सॅलॅमँडर, शास्त्रीय नाव प्लेथोडॉन सिनेरियस. बेडकासारखाच उभयचर, पण याला फुप्फुसं नाहीत आणि मोठेपणी कल्लेही नसतात.

मग श्वास घेतो कसा? कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. कातडीलगत केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. प्राणवायू कातडीवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथून रक्तात शिरतो. कातडी सुकली की हा मार्गच बंद. म्हणून तो ओलसर रात्री बाहेर पडतो, उघडीप मिळाली की पाचोळ्याखाली दडतो आणि हिवाळ्यात गोठलेल्या थराच्याही खाली उतरतो.

भिंगातून पाहिलं तर नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत उतरलेली बारीक खाच दिसते. जमिनीला तोंड टेकवलं की या खाचेतून ओलावा वर चढतो आणि त्याबरोबर वास नाकात पोहोचतो. इथे कोणाची हद्द आहे, हे त्याला असं कळतं.

अंडी घालायलाही त्याला डबकं लागत नाही. मादी ओंडक्याच्या पोकळीत, छताला, द्राक्षांच्या घोसासारखी मोजकीच अंडी टांगते आणि त्यांना वेटोळं घालून कित्येक आठवडे बसते. या काळात तिच्या पोटात फारसं काही जात नाही. ती उठून गेली तर अंडी सुकतात किंवा त्यांना बुरशी लागते. पिल्लू पाण्यात पोहण्याची अवस्था वगळून थेट चार पायांनिशी बाहेर येतं. मला या प्राण्यातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

असा हा नाजूक जीव दुर्मीळ मात्र नाही. न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रुक जंगलातल्या सॅलॅमँडरांचं एकत्रित वजन तिथल्या विणीच्या हंगामातल्या पक्ष्यांच्या जवळपास दुप्पट भरतं, असं १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. त्यात बहुतेक लालपाठेच होते.

त्यांच्या मुळावर आलंय ते गांडूळ! आपल्याकडे शेतकऱ्याचा मित्र असलेलं गांडूळ तिथल्या उत्तरेकडच्या जंगलांत उपरं आहे. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या त्या जमिनीत गांडुळं नव्हतीच. ती युरोप-आशियातून माणसांबरोबर आली. ती पाचोळा भराभर फस्त करतात, जमीन उघडी पडते आणि सॅलॅमँडरांची संख्या घटते. गळाला लावून उरलेली गांडुळं जंगलात फेकू नका, असं तिथले वनअधिकारी मासेमारांना सांगतात ते यासाठीच.