मानसशास्त्रीय संशोधनातील त्रुटी : नमुन्याची आणि मापनाची

मानसशास्त्रीय संशोधनात हाती आलेला आकडा आणि प्रत्यक्ष स्थिती यांत जे अंतर राहते त्याला त्रुटी म्हणतात. कितीही काळजीने काम केले तरी ती थोडीफार उरतेच, म्हणून तिला हलगर्जीपणा समजू नये. सगळ्यांऐवजी काही जणांनाच विचारल्यामुळे येते ती नमुना-त्रुटी. विचारण्याचे साधनच अपुरे किंवा कललेले असल्यामुळे येते ती मापन-त्रुटी. माणसे वाढवली की पहिली घटते, दुसरीवर मात्र हा उपाय चालेलच असे नाही. प्रबंधांतले बरेच घोळ हा फरक विसरल्याने होतात.

नमुना-त्रुटीचे गणित सरळ आहे. चाचणीचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) १५ असेल, तर १०० जणांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती खऱ्या सरासरीपासून साधारण किती ढळू शकते याचा अंदाज, १.५ येते, ती निम्मी करायला ४०० जण लागतात. मात्र हे गणित यादृच्छिक नमुना, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा नमुना, गृहीत धरते. चर्चगेटजवळच्या एखाद्या महाविद्यालयातल्या दोन वर्गांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि शीर्षकात ‘मुंबईतील युवक’ लिहायचे, ही सवय जुनीच आहे. अशा नमुन्यात गोवंडी, धारावी, दहिसर येत नाहीत, आणि त्याच महाविद्यालयातले आणखी चार वर्ग घेतले तरी येणार नाहीत.

मापन-त्रुटीची कथा खगोलशास्त्रात सुरू होते. ताऱ्याच्या संक्रमणाची, म्हणजे तो दुर्बिणीतली खूणरेघ ओलांडतो त्या क्षणाची, वेळ वरिष्ठांच्या नोंदीपेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा टिपली म्हणून ग्रिनिच वेधशाळेतल्या एका सहायकाला १७९६ मध्ये नोकरी गमवावी लागली. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी निरीक्षकानिरीक्षकांतला हा फरक मोजण्याजोगा असल्याचे दाखवले. मानसशास्त्रात चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये विचार मांडला की मिळालेला प्राप्तांक म्हणजे खरा प्राप्तांक अधिक त्रुटी. यादृच्छिक त्रुटी, म्हणजे कधी वर तर कधी खाली जाणारी, सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचे माप) खाते. दोन गुणांतला खरा सहसंबंध ०.५० असेल आणि चाचण्यांची विश्वसनीयता (निकाल किती स्थिर राहतो याचे ० ते १ असे माप) ०.७० व ०.६० असेल, तर हाती सुमारे ०.३२ च लागतो. विश्वसनीयता सांगायला मानसशास्त्रज्ञ क्रॉनबाख यांचा अल्फा गुणांक (१९५१) हल्ली जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असतो. पण तो प्रश्न एकमेकांशी किती जुळतात एवढेच सांगतो. आज भरलेली प्रश्नावली महिन्याने पुन्हा भरली तर काय होईल, हे त्याला ठाऊक नसते.

एका व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा असतो तेव्हा मापन-त्रुटी टोचते. प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.९१ असलेल्या चांगल्या चाचणीतही मापनाची प्रमाण त्रुटी ४.५ असते. मुलाचा बुद्ध्यंक ७२ आला, तर ९५ टक्के पट्टा (खरा प्राप्तांक बहुधा ज्यात असेल तो) साधारण ६३ ते ८१ असा पसरतो आणि बौद्धिक अक्षमता ठरवण्याची ७० ची रेघ त्याच्या मधूनच जाते. म्हणूनच अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदानपुस्तिका (पाचवी आवृत्ती) या ठिकाणी ६५ ते ७५ असा पट्टा धरते आणि रोजच्या व्यवहारातली क्षमताही पाहायला सांगते. अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी रांगेत उभ्या असलेल्या पालकांच्या हाती मात्र एकच आकडा पडतो.

पद्धतशीर त्रुटी वेगळी. ती सगळ्यांना एकाच दिशेला ढकलते, त्यामुळे सरासरी काढून ती पुसली जात नाही. जुनी मानके, म्हणजे ज्यांच्याशी गुण ताडून बुद्ध्यंक ठरतो ते जुन्या पिढीचे आकडे, हे तिचे ठळक उदाहरण. अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात सरासरी बुद्ध्यंक सुमारे १४ अंकांनी चढल्याचे संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले. म्हणजे जुन्या मानकांवर तपासलेले मूल आहे त्याहून हुशार दिसते. धारवाड मुंबई इलाख्यात होते तेव्हा, १९३० च्या दशकात, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे (मूळच्या फ्रेंच बुद्धिमापन चाचणीचे) कानडी व मराठी रूपांतर केले. ते मोलाचे काम होते, पण अशा कोणत्याही चाचणीची मानके कोणत्या साली, कोणत्या मुलांवर बसवली, हे विचारल्याशिवाय बुद्ध्यंक वाचू नये.

मराठी प्रश्नावल्यांत आणखी एक त्रुटी लपते, ती भाषेची. इंग्रजीतून आलेले ‘मला चिंता वाटत नाही असे क्वचितच घडते’ हे वाक्य दोनदा वाचावे लागते. घाईत असलेला माणूस उलट खूण करून मोकळा होतो. लालबागची गृहिणी ‘चिंता’ म्हणत नाही. ती ‘टेन्शन’ म्हणते, ‘जीव घाबरा होतो’ म्हणते, ‘धाकधूक होते’ म्हणते, आणि या तिन्हींचा अर्थ एक नाही. ‘कसं काय?’ला ‘बरं चाललंय’ म्हणायची सवय असलेला माणूस पाच पर्यायांतला मधला निवडतो, पण त्याचे मत मध्यम असतेच असे नाही. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडली, तिच्या चाळणीतूनही हे दोष निसटतात, कारण ‘चिंता’ इंग्रजीत बिनचूक परत जाते. त्यापेक्षा मुख्य पाहणीआधी दहा-बारा जणांना गाठून प्रत्येक प्रश्न त्यांच्या शब्दांत सांगायला लावावा. कुठे अडखळतात, कुठे हसतात, हे तिथेच कळते.