चॉकलेट बार्क

वितळवलेले चॉकलेट बटर पेपरवर पातळ पसरून, वर सुकामेवा, बिया किंवा कँडीचा चुरा भुरभुरून, ते घट्ट झाल्यावर हाताने वेडेवाकडे तुकडे मोडून केली जाणारी मिठाई. तिला साचा लागत नाही, ओव्हन लागत नाही आणि साखरेचा पाकही करावा लागत नाही. नाताळ आणि वर्षअखेरीच्या सुट्यांत, विशेषतः अमेरिकेत, ती घरी करून डब्यांत भरून भेट देण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. तिथे सर्वांच्या ओळखीचा प्रकार म्हणजे पेपरमिंट बार्क: खाली गडद चॉकलेटचा थर, वर पांढऱ्याचा आणि त्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंट कँडीचा चुरा.

फ्रान्समध्ये नाताळात केला जाणारा मांदियाँ हा बार्कचा जवळचा नातेवाईक. त्यात चॉकलेटच्या छोट्या गोल चकत्यांवर बदाम, हेझलनट, बेदाणे आणि सुके अंजीर लावतात. डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, कार्मेलाइट आणि ऑगस्टिनियन या चार ख्रिस्ती भिक्षेकरी संघांची ती प्रतीके मानली जातात. बार्कवर असे कोणतेच बंधन नाही. काय घालायचे आणि तुकडा कसा मोडायचा, हे करणाऱ्याच्या मर्जीवर असते. घरी पहिल्यांदाच चॉकलेटला हात लावणाऱ्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही. मात्र हा सोपेपणा आकारापुरताच आहे. वितळलेले चॉकलेट पुन्हा गोठते कसे, हे समजून घेतल्याशिवाय चांगले बार्क होत नाही.

चॉकलेटची निवड

ज्यातली मुख्य चरबी कोको बटर आहे, ते खरे चॉकलेट. कंपाउंड चॉकलेटमध्ये त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. ते नुसते वितळवून पसरले तरी नीट घट्ट होते, म्हणून लहान मुलांबरोबर करताना किंवा उष्ण हवेत ते सोयीचे पडते. चव मात्र खऱ्या चॉकलेटची येत नाही, आणि जिथे चॉकलेट हाच मुख्य पदार्थ आहे तिथे ही उणीव लपत नाही. चॉकलेट चिप्स शक्यतो टाळाव्यात. भाजताना आकार टिकावा म्हणून त्यांत कोको बटर कमी ठेवलेले असते, त्यामुळे त्या वितळल्या तरी जाडसर राहतात आणि नीट पसरत नाहीत. वड्यांचे किंवा जाड लादीचे चॉकलेट बारीक चिरून घ्यावे. ५०० ग्रॅम चॉकलेट साधारण २५ × ३० सेंटिमीटरच्या कागदावर पसरले की सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा थर मिळतो. याहून जाड थर दातांना नकोसा होतो.

टेंपरिंग

कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते. प्रत्येक रूपाचा वितळणबिंदू निराळा असतो: पहिले सुमारे १७ अंश सेल्सिअसला वितळते, तर सहावे ३६ अंशांच्या आसपास. मिठाई करणाऱ्याला हवे असते ते पाचवे, सुमारे ३४ अंशांना वितळणारे. हे रूप साधले की चॉकलेटला चकाकी येते, मोडताना टक्कन आवाज होतो, हातात ते लगेच चिकट होत नाही आणि तोंडात मात्र विरघळते. चॉकलेट कसेही वितळवून आपोआप गोठू दिले, तर खालच्या क्रमांकाची रूपे सरमिसळ तयार होतात. मग बार्क मऊ राहते, बोटांना लागते आणि काही दिवसांत त्यावर करड्या रेघा उमटतात. हव्या त्या रूपाचेच स्फटिक घडवून आणण्याच्या क्रियेला टेंपरिंग म्हणतात.

घरासाठी सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे न वितळवलेले चॉकलेट विरजणासारखे घालणे. ५०० ग्रॅमपैकी ३५० ग्रॅम चॉकलेट वितळवावे आणि १५० ग्रॅम बारीक चिरून बाजूला ठेवावे. डबल बॉयलर वापरला तर वरच्या भांड्याचा तळ खालच्या पाण्याला टेकू देऊ नये आणि पाणी खळखळ उकळू देऊ नये. मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या शक्तीवर २०–३० सेकंदांचे टप्पे घ्यावेत आणि दर टप्प्याला ढवळावे, कारण वडीचा आकार शाबूत दिसला तरी ती आतून वितळलेली असू शकते. गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवावे, मिल्क आणि पांढरे ४० ते ४५ पर्यंत. त्या दोघांत दुधाचे घन पदार्थ असल्याने ती लवकर करपतात.

मग भांडे आचेवरून उतरवून, त्याचा तळ पुसून, बाजूला ठेवलेले चॉकलेट थोडे थोडे घालत ढवळत राहावे. त्यात पाचव्या रूपाचे स्फटिक तयारच असतात आणि बाकीचे चॉकलेट त्यांच्या वळणाने जाते. गडद चॉकलेट ३१–३२ अंशांवर, मिल्क २९–३० वर आणि पांढरे २८–२९ वर आले की पसरायला तयार झाले. तोवर काही तुकडे वितळले नसतील तर काढून घ्यावेत. थर्मामीटर नसेल तर चमच्याच्या टोकावरचा थेंब खालच्या ओठाला लावून पाहावा. तो किंचित गार लागला पाहिजे. कोमट लागला तर अजून ढवळायला हवे. खरी परीक्षा सुरीची: सुरीचे टोक बुडवून ओट्यावर ठेवावे. तीन ते पाच मिनिटांत ते चॉकलेट एकसारख्या चकाकीने घट्ट झाले तर काम जमले. ओले राहिले किंवा त्यावर पट्टे दिसले तर आणखी थोडे चिरलेले चॉकलेट घालून पुन्हा ढवळावे. इथे घाई नडते.

पाणी

चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसते. साखर आणि कोकोचे अतिसूक्ष्म कण चरबीत तरंगत असतात. पाण्याचा एखादा थेंब पडला की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि बघता बघता वाहते चॉकलेट रवाळ, कोरडा गोळा होऊन बसते. ओलसर लाकडी चमचा किंवा डबल बॉयलरची वाफ एवढेही त्याला पुरते. त्या गोळ्याचे बार्क होत नाही. गरम दूध किंवा क्रीम घालून त्याचा सॉस मात्र करता येतो. याच कारणाने रंग आणि स्वादही तेलात विरघळणारे घ्यावेत. पेपरमिंटचे खाद्य तेल फार तीव्र असते, त्याचे दोन-चार थेंब पुरेत.

वरचे जिन्नस

ते पाणी नसलेले, खोलीच्या तापमानाचे आणि हाताशी तयार ठेवलेले हवेत. बदाम, पिस्ते, अक्रोड, भोपळ्याच्या बिया आधी भाजून घ्याव्यात. ओव्हनमध्ये १६० ते १७० अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवल्या की स्वाद खुलतो. त्या पूर्ण गार झाल्याशिवाय वापरू नयेत, कारण गरम बदाम आजूबाजूचे टेंपर झालेले चॉकलेट पुन्हा वितळवतो. ताजी फळे चालत नाहीत. फ्रीझ-ड्राय केलेली रासबेरी किंवा स्ट्रॉबेरी मात्र उत्तम: आंबट, कुरकुरीत आणि रंगाने उठून दिसणारी. गडद चॉकलेटवर जाडसर मिठाचे चार खडे जी चव आणतात, ती मूठभर सुक्यामेव्याने येत नाही. ५०० ग्रॅम चॉकलेटला १५० ते २०० ग्रॅम जिन्नस भरपूर झाले. त्याहून जास्त घातले की चॉकलेट त्यांना धरून ठेवू शकत नाही आणि तुकडा मोडताना अर्धे जिन्नस गळून पडतात. चॉकलेट पसरल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच ते पेरून तळव्याने हलके दाबावेत.

दोन थरांच्या बार्कमध्ये वेळ साधणे हीच खुबी. खालचा थर बोटाला चिकटेनासा झाला, पण पुरता कडक झालेला नाही, अशा वेळी वरचा ओतावा. चॉकलेट गोठताना आकसते. खालचा थर फ्रीजमध्ये ठेवून पूर्ण आकसू दिला, तर वरचा त्याला धरत नाही आणि मोडताना दोन्ही पापुद्रे सुटे होतात. वरचे चॉकलेट फार गरम असेल तर उलट खालचे वितळून रंग एकमेकांत मिसळतात.

घट्ट होणे आणि साठवण

१८ ते २० अंशांच्या खोलीत बार्क आपोआप घट्ट होते. स्फटिक बनताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे खोली उबदार असेल तर कडा निस्तेज झाल्यावर ताट १०–१५ मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे. तयार बार्क आकसून कागदापासून स्वतःहून सुटते. ते सुरीने कापू नये. हाताने मोडले की कड स्वच्छ तुटते आणि आतले कापलेले पिस्ते, बेदाणे दिसतात.

तुकडे हवाबंद डब्यात, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावेत. फ्रीजमधून उघडे काढलेल्या तुकड्यांवर दव धरते, साखर विरघळते आणि वाळल्यावर पृष्ठभाग खरखरीत, पांढुरका होतो. उष्णतेने कोको बटर वर येऊनही पांढरट थर दिसतो, पण तो स्पर्शाला गुळगुळीत असतो. दोन्ही खाण्यास अपायकारक नाहीत. टेंपर न करता केलेले बार्क फ्रीजमध्येच ठेवून चार-पाच दिवसांत संपवावे. पेपरमिंट कँडी हवेतला ओलावा ओढून चिकट होते, आणि तिचा वास शेजारच्या चॉकलेटलाही लागतो. म्हणून पेपरमिंट बार्कचा डबा वेगळा ठेवतात. भेट देताना आत कोणता सुकामेवा आहे ते डब्यावर लिहावे, कारण त्याची ॲलर्जी गंभीर असू शकते. ज्या घरी कुत्रा आहे तिथे डबा उंचावर ठेवायला सांगावे. चॉकलेटमधले थिओब्रोमिन कुत्र्यांसाठी विषारी असते.